जँगो न सोडता कंपोनंट कसे करावेत?

प्रश्न : एका सहकारी पतसंस्थेच्या अंतर्गत कामकाजाचे संकेतस्थळ आम्ही दोघे जण जँगो या पायथनच्या वेब-फ्रेमवर्कवर सांभाळतो. सभासदाची माहिती दाखवणारे कार्ड, हप्त्याची स्थिती सांगणारा रंगीत बिल्ला आणि तारखेचा रकाना या गोष्टी अनेक टेम्प्लेटांत (पानांच्या एचटीएमएल साच्यांत) जशाच्या तशा चिकटवलेल्या आहेत. बिल्ल्याचा रंग बदलायचा ठरला की आठ ठिकाणी बदलावा लागतो आणि नवव्या ठिकाणी राहून जातो. सहकारी म्हणतात की आता सगळे रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत नव्याने लिहू. हे घटक एकदाच लिहून सर्वत्र वापरण्याची सोय जँगोमध्येच आहे का? — एक वाचक, सांगली

उत्तर : सोय आहे, आणि बिल्ला किंवा कार्ड यांच्यासाठी सगळे नव्याने लिहिण्याची मुळीच गरज नाही. कंपोनंट, म्हणजे एकदा लिहून अनेक ठिकाणी वापरायचा पानाचा घटक, ही ब्राउझरात चालणारीच गोष्ट, असा समज रिअ‍ॅक्टमुळे रूढ झाला आहे. आपल्या बिल्ल्याला मात्र ब्राउझरात काहीच करायचे नसते. त्याला स्थिती कळली की त्याने योग्य रंगाचे आणि योग्य शब्दांचे एचटीएमएल द्यायचे, एवढेच त्याचे काम. असे काम सर्व्हरवरचे एखादे साधे फंक्शनही करू शकते.

ही सोय जँगोत चटकन डोळ्यांत भरत नाही, याचे कारण त्याच्या जन्मात आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावच्या वृत्तपत्रात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ च्या सुमारास हे काम सुरू केले आणि जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. तिथे टेम्प्लेट लिहिणारी मंडळी पानांची रचना करणारी होती, प्रोग्रॅमर नव्हती. म्हणून टेम्प्लेटच्या भाषेत मुद्दाम कमी ताकद ठेवली गेली आणि ‘मूळ पान व त्यातील बदलता भाग’ या विचारावर, म्हणजे एक्स्टेंड्स आणि ब्लॉक या जोडीवर, सारा भर राहिला. बातमीच्या पानाला ही रचना चपखल बसते. एकाच पानावर पन्नास वेळा येणाऱ्या छोट्या तुकड्याचा विचार तिच्यात नाही.

अशा तुकड्यासाठी सगळ्यांच्या हाती प्रथम लागतो तो इन्क्लूड टॅग. बिल्ल्याचे एचटीएमएल वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचे आणि हवे तिथे ती फाइल बोलवायची. आपल्या आठ-नऊ ठिकाणांचा प्रश्न एवढ्यानेच सुटेल, पण या टॅगला एक खोड आहे. ज्या पानातून बोलावले त्या पानाचा संपूर्ण कॉन्टेक्स्ट, म्हणजे तिथली सगळी व्हेरिएबल्स, आतल्या तुकड्याला आपोआप दिसतात. यातून घडलेली माझीच एक फजिती सांगतो. सभासदाच्या कार्डात मी व्हेरिएबलचे नाव ‘यूजर’ ठेवले होते आणि वसुलीच्या पानावर कार्ड बोलावताना सभासद पुरवायला विसरलो. लॉगिन केलेल्या व्यक्तीला जँगोचा नेहमीचा कॉन्टेक्स्ट प्रोसेसर नेमक्या याच नावाने प्रत्येक पानात पोहोचवत असतो. परिणामी यादीतील एकूण एक कार्डावर काउंटरवर बसलेल्या कारकुनाचेच नाव झळकले, आणि ही गोष्ट मला त्या कारकुनानेच फोन करून सांगितली. दुसरे एखादे नाव असते तरी पान अडले नसते, कारण सापडत नसलेले व्हेरिएबल जँगोचे टेम्प्लेट निमूटपणे रिकामे छापते.

त्यावर उपाय म्हणजे इन्क्लूडला जोडता येणारे विथ आणि ओन्ली हे दोन शब्द. ते २०११ मधील १.३ या आवृत्तीपासून उपलब्ध आहेत. विथने लागणारी मूल्ये नावानिशी द्यायची आणि ओन्लीने बाहेरचे बाकी सगळे बंद करायचे. ओन्लीविना इन्क्लूड लिहायचे नाही, असा नियम दोघांच्या चमूतही पाळावा.

यापुढची आणि माझ्या मते आपल्या कामाची खरी गोष्ट म्हणजे इन्क्लूजन टॅग. अ‍ॅपच्या ‘टेम्प्लेटटॅग्ज’ या फोल्डरात एक पायथन फाइल करायची, तीत घटकाच्या नावाचे फंक्शन लिहायचे आणि त्यावर इन्क्लूजन टॅगचा डेकोरेटर (फंक्शनच्या डोक्यावर लिहायची @ ची ओळ) लावून कोणते टेम्प्लेट वापरायचे ते सांगायचे. फंक्शन जी डिक्शनरी परत देईल तेवढीच त्या टेम्प्लेटला दिसते. बाहेरचा कॉन्टेक्स्ट मुद्दाम मागितल्याशिवाय आत येत नाही. अर्जाला लागणारे सीएसआरएफ टोकन (अर्ज आपल्याच पानावरून आला याची खूण) मात्र जँगो स्वतःहून आत पोहोचवते. शिवाय फंक्शनला आवश्यक असलेला एखादा आर्ग्युमेंट पानात द्यायचा राहिला, किंवा त्याचे नाव चुकीचे लिहिले, तर टेम्प्लेट वाचतानाच ते पान चूक दाखवून थांबते. कारकुनाच्या नावाचा घोटाळा इथे झालाच नसता. पण एक फट उरते, ती लक्षात ठेवावी : आर्ग्युमेंट दिला आहे, पण त्यात भरलेले व्हेरिएबलच अस्तित्वात नाही, अशा वेळी फंक्शनच्या हाती रिकामी स्ट्रिंग पडते. म्हणून बिल्ल्याच्या फंक्शनात स्थिती ही ‘भरला’, ‘अंशतः’ आणि ‘थकीत’ यांपैकीच आहे ना, हे तपासावे, आणि नसेल तर सरळ एक्सेप्शन उठवावे. थकीत हप्त्याच्या जागी रंगहीन रिकामा बिल्ला दिसण्यापेक्षा पान मोडलेले परवडले.

कार्डाची गोष्ट थोडी वेगळी आहे. चौकट तीच, पण आतला मजकूर दर ठिकाणी निराळा, ही गरज इन्क्लूजन टॅगने भागत नाही, कारण त्याला बंद करणारा जोडीदार टॅग नसतो. अनेक जण इथे आतल्या फाइलमध्ये ब्लॉक ठेवून तो बाहेरून भरण्याचा प्रयत्न करतात आणि तो फसतो. इन्क्लूडमध्ये आतला तुकडा स्वतंत्रपणे पूर्ण तयार होतो आणि मग त्याचे एचटीएमएल बाहेरच्या पानात आणून बसवले जाते. आतला ब्लॉक बाहेरच्या पानाच्या हाती लागतच नाही. पूर्वी यासाठी ‘कार्ड सुरू’ आणि ‘कार्ड बंद’ अशा दोन फाइली करण्याची युक्ती चाले. दुसरी फाइल बोलवायची राहिली की पुढचे सगळे पान त्या कार्डाच्या पोटात जाई. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ५.२ या आवृत्तीने सिंपल ब्लॉक टॅग नावाचा डेकोरेटर दिला आणि ही कसरत थांबली. उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या टॅगांच्या मध्ये जे लिहाल ते आधी रेंडर होऊन फंक्शनला पहिल्या आर्ग्युमेंटमधून मिळते आणि फंक्शन त्याभोवती चौकट चढवून परत देते. ही चौकट साध्या स्ट्रिंगा जोडून, वर मार्क सेफ (हा मजकूर सुरक्षित आहे, असे जँगोला सांगणारे फंक्शन) लावून बनवू नये. फॉरमॅट एचटीएमएल हे फंक्शन वापरावे किंवा छोटे टेम्प्लेट रेंडर करून घ्यावे. नाहीतर सभासदाच्या नावात कोणी टॅग लिहून ठेवला तर तो पानात जिवंत होतो.

या टॅगमध्ये मजकुराची जागा एकच मिळते. शीर्षकासाठी एक, मजकुरासाठी एक आणि खालच्या बटणांसाठी एक अशा तीन जागा हव्या असतील तर जँगो-कंपोनंट्स किंवा जँगो-कॉटन या बाहेरच्या पॅकेजांकडे वळावे लागते. पीएचपीतील लारावेल या फ्रेमवर्कच्या ब्लेड टेम्प्लेटांत ही सोय अंगभूत आहे आणि रूबी ऑन रेल्ससाठी गिटहबने घडवलेले व्ह्यू कंपोनंट आहे; तिकडून आलेल्यांना जँगो इथे तोकडे वाटते, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. तरीही आपल्यासारख्या दोघांच्या चमूने आधी अंगभूत साधनांवर सहा महिने काढावेत, असे मला वाटते. तीन जागांची गरज वाटली त्यांपैकी बहुतेक वेळा मला शीर्षक हा साधा आर्ग्युमेंट करून निभावता आले आहे.

डिसेंबर २०२५ च्या ६.० आवृत्तीत आलेल्या टेम्प्लेट पार्शियल या सोयीबद्दलही आपण ऐकले असेल. एकाच फाइलमधल्या तुकड्याला नाव देऊन तो तिथेच पुन्हा वापरणे, किंवा व्ह्यूमधून (विनंतीला उत्तर देणाऱ्या फंक्शनातून) फाइलच्या नावापुढे हॅश चिन्ह व तुकड्याचे नाव लिहून तेवढाच परत पाठवणे, यासाठी ती उत्तम आहे. तिला स्वतःचे आर्ग्युमेंट नसतात, सभोवतालचा कॉन्टेक्स्टच ती वापरते. म्हणून सर्व पानांत फिरणाऱ्या बिल्ल्यासाठी ती पहिली निवड ठरत नाही.

प्रश्न : तारीख निवडण्याचा आमचा घटक एका अर्जात तीन वेळा येतो. त्याची स्क्रिप्ट तुकड्यातच लिहिलेली असल्याने तीही तीनदा येते. शिवाय ‘आणखी एक जामीनदार जोडा’ हे बटण दाबल्यावर एचटीएमएक्सने (सर्व्हरकडून एचटीएमएलचा तुकडा आणून पानात बसवणाऱ्या लायब्ररीने) जी नवी ओळ येते, तिच्यातला तारखेचा रकाना उघडतच नाही. हे कसे सोडवावे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : तारखेचा रकाना ब्राउझरच्या स्वतःच्या डेट प्रकारच्या इनपुटने भागत असेल तर हा प्रश्नच उरत नाही. तो दिसतो वापरणाऱ्याच्या ब्राउझरच्या पद्धतीप्रमाणे, पण सर्व्हरला तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने मिळते. पतसंस्थेच्या कामात मी तरी दुसरे काही लावणार नाही. पण सुट्टीचे दिवस वगळणे किंवा हप्त्याच्या तारखा ठळक दाखवणे अशी गरज असू शकते, म्हणून पुढचे लिहितो.

आपला कोड पान उघडल्यावर एकदाच चालतो, तेव्हा पानात असलेले रकाने शोधतो आणि त्यांना कॅलेंडर जोडतो. एचटीएमएक्सने नंतर आणलेली ओळ त्या वेळी पानात नव्हती, त्यामुळे तिच्याकडे कोणी पाहतच नाही. एचटीएमएक्सच्या घटनेला कान लावून दर वेळी पुन्हा शोध घेता येतो, पण मग जुन्या रकान्यांना दुसऱ्यांदा कॅलेंडर जोडले जाऊ नये याची काळजी आपल्यालाच वाहावी लागते. याहून सरळ मार्ग म्हणजे ब्राउझरातच असलेले कस्टम एलिमेंट. जावास्क्रिप्टमध्ये एक क्लास लिहून तो एका नव्या टॅगच्या नावाशी नोंदवला, की तो टॅग पानात कुठेही आणि केव्हाही अवतरला तरी ब्राउझर त्या क्लासची कनेक्टेड कॉलबॅक ही मेथड स्वतः चालवतो. ओळ सर्व्हरने पहिल्यांदा पाठवली की एचटीएमएक्सने नंतर आणली, याने काही फरक पडत नाही. टॅगच्या नावात किमान एक हायफन असावाच लागतो, सुरुवात रोमन लिपीतल्या लहान अक्षरानेच व्हावी लागते आणि टॅग स्वतंत्रपणे बंद करावा लागतो; शेवटी तिरकी रेघ देऊन तो मिटत नाही.

दोन ठिकाणी लोक हमखास अडखळतात. स्क्रिप्ट साध्या पद्धतीने पानाच्या डोक्यात लावली तर टॅग उघडताक्षणी कनेक्टेड कॉलबॅक चालते, तेव्हा आतला इनपुट अजून वाचलाही गेलेला नसतो आणि कोडला तो सापडत नाही. स्क्रिप्टला मॉड्यूल हा प्रकार दिला की ती पान पूर्ण वाचून झाल्यावर चालते आणि हा पेच सुटतो. त्याच पत्त्यावरचे मॉड्यूल पानात तीनदा लिहिले तरी एकदाच चालत असल्याने आपली तिहेरी स्क्रिप्टची तक्रारही इथेच मिटते. फक्त कोड तुकड्यातून काढून स्वतंत्र फाइलमध्ये ठेवावा लागेल. दुसरे असे की एखादा घटक पानात एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवला तर हीच मेथड पुन्हा चालते, म्हणून कॅलेंडर आधीच जोडले आहे का, हे तिने प्रथम पाहावे.

आतला इनपुट सर्व्हरनेच नेहमीसारखा छापावा आणि कस्टम एलिमेंटने त्याला फक्त बाहेरून वेढावे. अशाने जावास्क्रिप्ट पोहोचली नाही तरी तारीख टंकून अर्ज भरता येतो, आणि जँगोच्या फॉर्मची तपासणी व चुकांचे संदेश होते तसेच राहतात. या कामी शॅडो डॉमच्या, म्हणजे घटकाचा आतला भाग बाकीच्या पानापासून वेगळा ठेवणाऱ्या सोयीच्या, वाटेला जाऊ नये. त्याच्या आत ठेवलेला इनपुट बाहेरच्या अर्जाबरोबर आपोआप सादर होत नाही, बाहेरच्या लेबलला आतला आयडी दिसत नाही आणि आपल्या संकेतस्थळाची सीएसएस आत शिरत नाही. दुसऱ्याच्या संकेतस्थळात बसवायच्या घटकाला या भिंतीचा उपयोग आहे; आपल्याच घरात ती कशाला बांधायची?

सुट्ट्यांची यादी घटकाला द्यायची असेल तर ती जेसन स्क्रिप्ट या फिल्टरने छापावी. स्क्रिप्ट टॅगमध्ये हाताने जेसन ओतले आणि एखाद्या शेऱ्यात स्क्रिप्ट बंद करणारा टॅग आला, तर उरलेला मजकूर पानात सांडतो. आणि स्टॅटिक फाइलींच्या नावांना हॅश (मजकुरावरून काढलेली अक्षर-अंकांची खूण) जोडणारे मॅनिफेस्ट स्टोरेज आपण वापरत असाल तर एका मॉड्यूलमधून दुसरे आयात करताना जपावे. त्या आयातीतील पत्ते जँगो मूळ सेटिंगमध्ये बदलत नाही, त्यामुळे सभासदाच्या ब्राउझरात मुख्य फाइल नवी आणि तिची उपफाइल जुनी, अशी जोडी जमू शकते. ४.२ पासून त्यासाठी एक प्रायोगिक सोय आहे. मी मात्र प्रत्येक घटक एकाच फाइलमध्ये ठेवतो.

प्रश्न : सगळी कार्डे इन्क्लूजन टॅगमध्ये नेल्यावर सभासदांची यादी फार सावकाश उघडते. टेम्प्लेटचे इतके तुकडे केल्याचा हा परिणाम आहे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : तुकड्यांवर संशय घेण्याआधी डिबग टूलबारमध्ये क्वेरींचा, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांचा, आकडा पाहावा. आपल्या टॅगच्या फंक्शनात ‘या सभासदाचा शेवटचा हप्ता’ शोधणारी ओळ असेल, अशी माझी अटकळ आहे. एका सभासदाच्या पानावर ती एक क्वेरी असते. पन्नास जणांच्या यादीत यादीची एक आणि कार्डांच्या पन्नास मिळून एकावन्न होतात. वाचून झालेली टेम्प्लेटे जँगो स्मृतीत जपून ठेवते, ४.१ पासून विकासाच्या यंत्रावरसुद्धा, त्यामुळे फाइली पुन्हा पुन्हा वाचण्यात वेळ जात नाही.

कंपोनंटने डेटाबेसकडे स्वतः जाऊ नये, हा नियम मी अपवाद न ठेवता पाळतो. शेवटच्या हप्त्याची तारीख व्ह्यूमध्ये अ‍ॅनोटेट करून किंवा प्रीफेच रिलेटेड वापरून आधीच जोडून घ्यावी आणि कार्डाला तयार मूल्य द्यावे. हप्ता न मिळाल्यास स्वतः शोधण्याचा ‘शहाणपणा’ कार्डात ठेवला, तर ज्या पानावर प्रीफेच करायचे राहील तिथे तो गुपचूप पुन्हा एकावन्न क्वेरी करील. यादीच्या चाचणीत अ‍ॅसर्ट नम क्वेरीज ही क्वेरींची संख्या तपासणारी ओळ घालून ठेवावी, म्हणजे पुढे कोणी अशी ओळ वाढवली तर चाचणीच ओरडेल.

प्रश्न : रकमेचा घटक सर्व्हरवर १२५००० ही रक्कम इंग्रजी अंकांत आणि तीन-तीनच्या गटांत छापतो, व्याज बदलल्यावर ब्राउझर तीच रक्कम देवनागरी अंकांत दाखवतो. शिवाय ‘अंशतः भरणा’ हा बिल्ला मोबाइलवर वरून कापला जातो. — एक वाचक, बेळगाव

उत्तर : एकच घटक दोन ठिकाणी रेंडर होऊ लागला की असे होते. ब्राउझरमधील इंटल नंबर फॉरमॅटला ‘एमआर-आयएन’ (मराठी-भारत) सांगितले की तो १,२५,००० असे लाखाच्या गटांत आणि देवनागरी अंकांत छापतो. तिथे इंग्रजी अंक हवे असतील तर भाषेच्या त्याच खुणेला अंकपद्धतीचा लॅटिन हा जोड द्यावा लागतो. सर्व्हरवर जँगोच्या नंबर ग्रुपिंग या सेटिंगला तीन, दोन, शून्य अशी त्रयी देता येते, म्हणजे शेवटचे तीन अंक सोडून पुढे दोन-दोनचे गट पडतात. सोबत हजार विभाजकाची सेटिंग चालू असावी लागते. अंक बदलण्यासाठी मात्र आपले स्वतःचे छोटे फिल्टर लिहावे. याहून सोपा उपाय म्हणजे व्याज बदलल्यावर तेवढाच तुकडा एचटीएमएक्सने सर्व्हरकडून मागवणे. त्यामुळे आकडा छापण्याचे काम एकाच ठिकाणी राहते, आणि पतसंस्थेच्या हिशोबात पैशांची गोळाबेरीजही जावास्क्रिप्टवर न सोपवलेली बरी.

बिल्ला कापला जातो याचे कारण बहुधा त्याला दिलेली ठरावीक उंची आणि ओव्हरफ्लो हिडन ही जोडी असावी. रोमन अक्षरांच्या मापाने ठरवलेल्या त्या उंचीत अनुस्वार, रफार, वेलांटी मावत नाहीत. उंचीऐवजी किमान उंची द्यावी, ओळीची उंची दीडपटीच्या आसपास ठेवावी आणि घटकांची तपासणी करण्यासाठी जे पान कराल त्यात नमुना म्हणून ‘पेड’ न लिहिता ‘पूर्ण’, ‘अंशतः’, ‘वर्ग’ हे शब्द लिहावेत.